चित्रातला वकील मीच, असं लिहून द्या

अकराला उद्घाटन, आणि पावणेअकराला वकीलसाहेब चौथी फ्रेम उतरवा म्हणून अडून बसले.

मी अमरावतीच्या कॉलेजात प्रिंटमेकिंग शिकवतो. अकोल्यात माझ्या विद्यार्थ्यांचं ते पहिलंच प्रदर्शन. हॉल ट्रस्टचा, साहेब ट्रस्टचे अध्यक्ष. ते नाही म्हणाले की सगळ्या फ्रेमा परत टेम्पोत.

विद्यार्थ्यांच्या कामाशेजारी मी माझ्याकडच्या सहा जुन्या फ्रेंच प्रिंट लावल्या होत्या. तिकडच्या एका बहाद्दरानं दीडशे वर्षांपूर्वी वकील-न्यायाधीशांची यथेच्छ टर उडवली. पद्धत लिथोची. गुळगुळीत दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं, दगड ओला करायचा, वरून शाई फिरवायची. पाणी शाईला हाकलतं, खडूची रेघ तिला धरून ठेवते. कागद दाबला की चित्र उमटतं. ही चित्रं तिथल्या वर्तमानपत्रात यायची.

चौथ्या फ्रेममध्ये एक गलेलठ्ठ वकील दोन्ही हात आभाळात फेकून रडतो आहे. मागे तीन न्यायाधीश गाढ झोपलेत. साहेबांच्या ज्युनिअरांनी ते आधी पाहिलं आणि बाररूमला बातमी पोचवली, की अमरावतीच्या मास्तरनं आपल्या साहेबांचं चित्र काढलं.

खोटं कशाला सांगू, पोट तेच होतं. भुवयासुद्धा.

"मास्तर, माह्यं चित्र काहून काढलं तुमी?"

मी फ्रेम उतरवली, मागचा पुठ्ठा सोडवला, कागद उलटा धरला. पाठीवर फ्रेंच बातम्यांचे कॉलम. तेव्हा तुमचे पणजोबा रांगत असतील, म्हटलं.

साहेब गडबडले, पण शेवटी वकीलच.

"ते असू द्या. दिसते तं माह्यासारखंच. काढा."

"काढतो साहेब. फक्त अर्ज द्या. 'या चित्रातला वकील मीच आहे', खाली सही-शिक्का. रिकाम्या जागी तोच लावतो. फ्रेम का नाही, हे लोकांना कळायला हवं ना."

त्यांनी पेनचं टोपण काढलं. पहिली ओळ मनात जुळवली असावी. टोपण परत बसलं.

मग चष्मा लावून ते चित्राला नाक लागेल इतके जवळ गेले.

"हा मी नाई वाटत. हा तं आपला सरकारी वकील हाय."

आणि फोन करून त्यालाच बोलावून घेतलं. सरकारी वकिलाला त्यात मूर्तिजापूरचा एक वकील दिसला. त्यानं त्याला बोलावलं. दुपारपर्यंत निम्मा बार हॉलमध्ये, आणि स्वतःला ओळखणारा एकही नाही. झोपलेले न्यायाधीश कोण, हे मात्र कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या तारखा होत्या.

साहेबांनी स्वतःच्या सहीनं प्रदर्शन दोन दिवस वाढवलं. माझे विद्यार्थी अकोल्यात हिरो झाले.

तोंडी तक्रारीशी वाद घालू नये, कागद पुढे करावा. हल्ली प्रदर्शनाला निघताना टेम्पोत हातोडी, खिळे आणि एक कोरा अर्ज ठेवतो.