सुतकात संपलेली मुदत

माझ्या गुरुबंधूंची वाचा अर्धांगवायूने गेली. त्याच्या आदल्या हिवाळ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने चारठाण्याला त्यांच्या घरी बसून त्यांचा घनपाठ ध्वनिमुद्रित केला होता. वेदातील शब्द पुढेमागे गुंफून म्हणण्याची ही अवघड रीत आमच्या गुरूंच्या पद्धतीने जाणणारे ते एकटेच उरले होते. मला ती साधली नाही. विद्यार्थी सेलूला वेबसाइट तयार करतो. त्याने या पाठासाठीही एक केली आणि ध्वनिमुद्रणे एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवली, ज्याचा परवाना दरवर्षी नवा करावा लागे. मूळ प्रती ज्या मोबाईलवर होत्या, तो पुढे बिघडला. गुरुबंधू मात्र रोज सकाळी सूनबाईंकडून स्वतःचाच पाठ लावून घेत आणि डोळे मिटून ऐकत.

गेल्या वर्षी परवाना संपत आल्याच्या सूचना येऊ लागल्या. त्या मलाही येत. विद्यार्थ्याची आई तेव्हा दवाखान्यात अत्यवस्थ होती, म्हणून मी विषय काढला नाही. ती गेली. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

“गुरुजी, परवाना संपलाय. सवलतीचे पाचच दिवस राहिलेत, मग ते लोक सगळं पुसून टाकतात. दोन मिन्टाचं काम हाय. लॅपटॉपला हात लावू का?”

“अरे, तू क्रियेला बसला आहेस.”

“म्हणून तर तुमाला विचारायलोय. का दुसऱ्याला पासवर्ड सांगू?”

“सांगून करवलेस तरी ते तूच केलेस. दहावा होईपर्यंत थांब.”

“बरं. आईबी तेच म्हणायची, ते डबडं बंद कर म्हणून.”

अकराव्या दिवशी त्याने लॅपटॉप उघडला, तेव्हा काहीच उरले नव्हते. त्याने कंपनीला चार वेळा लिहिले. नियमानुसार सर्व काढून टाकले आहे, एवढेच उत्तर आले.

कारागिराला त्याच्या कामापुरते सुतक लागत नाही, असे धर्मशास्त्र सांगते. हे मी वर्षानुवर्षे शिकवले. एका सुताराला मी स्वतः तशी मोकळीक दिली होती. या मुलाचे काम मी कारागिरी मानलेच नव्हते. मांडीवर यंत्र घेऊन बसणे, एवढेच मला त्यात दिसत असे. मी चुकलो असे त्याला सांगितले, तेव्हा तो म्हणाला, “असू द्या गुरुजी. मीच आधी करायचं होतं.” त्याने मला एक कठोर शब्द सुनावला असता तर बरे झाले असते.

जिंतूरहून एसटीने मी चारठाण्याला गेलो. सूनबाई दारातच हळू आवाजात म्हणाल्या, “काका, बाबा रोज सकाळी मोबाईल माझ्याकडं सरकवायलेत. मी आपलं नेट न्हाई म्हणून सांगायलेय. किती दिवस सांगू?”

गुरुबंधूंच्या पायांशी बसून मी सर्व सांगितले. दोष त्या मुलाचा नाही, निर्णय माझा होता, हेही सांगितले. ते उशीला टेकून जरा सावरून बसले आणि त्यांनी स्वतःच पाठ म्हणायला आरंभ केला. ओठ हलले. घशातून एक घोगरा नाद निघाला. त्यात शब्द नव्हता, स्वरही नव्हता. तरी ते थांबेनात. सूनबाईंनी पदराने त्यांचे तोंड पुसले. मी मान खाली घालून, पाठ ऐकताना बसावे तसा, ते थकेपर्यंत बसून राहिलो.