रापणीत आलेला झेंडा

माझ्या नोकरीतली एक केस डोक्यातून जात नाही, आणि तिच्यात ना रक्त होतं ना चोरी. उपनिरीक्षकाची वर्दी मी सहा वर्षं घातली आणि स्वतःहून उतरवली. आता मच्छीमारांच्या हक्कांची पत्रकं लिहितो. त्यामुळे गोड करून सांगायची सवय नाही.

मालवण किनाऱ्यावरचं ठाणं. पंधरा ऑगस्ट झाला होता, पाठोपाठ नारळी पौर्णिमाही. सकाळची हजेरी चालू असताना फोन आला, रापणीत राष्ट्रध्वज सापडलाय. रापण म्हणजे अख्ख्या वाडीने किनाऱ्यावरून ओढायचं लांब जाळं. फोन करणारा पुढारी आमच्या आधी किनाऱ्यावर हजर. त्याच्या यांत्रिक बोटी, आणि रापणकरांशी जुनं वैर.

"साहेब, झेंडा पाण्यात! तीन वर्षांची शिक्षा आहे याला. या लोकांवर आजच गुन्हा दाखल करा, नाहीतर ठाण्यासमोर उपोषणाला बसतो."

याच माणसाच्या दुचाकी फेरीतले प्लास्टिकचे झेंडे चार दिवस गटारात पडले होते. तेव्हा उपोषण सुचलं नाही! पण तक्रार ती तक्रार. पंचनामा केला, ध्वज ताब्यात घेतला, रापणकरांना ठाण्यात आणलं.

त्यांचा म्होरक्या बाकावर बसायलाही तयार नव्हता. "साहेब, झेंडो आमीच दर्यात टाकलो आसतो, तर परत आमीच ओढून कशाक काढलो आसतो? इतके खुळे आसंव?"

मुद्दा बिनतोड होता. मग टाकला कोणी?

मुद्देमाल टेबलावर होता. घट्ट घडी केलेला झेंडा, दोरीने बांधलेला, खाली दगड. हवालदाराने दोरीचं मोकळं टोक ओढलं. एकाच हिसक्यात गाठ सुटली, घडी उलगडली आणि टेबलावर ओल्या पाकळ्या सांडल्या. तगरीच्या.

पाकळ्या घालून अशी घडी कधी करतात ते प्रत्येक पोलिसाला ठाऊक असतं. पंधरा ऑगस्टला झेंडा खालून वर चढवतात, कारण त्या दिवशी परक्यांचा उतरला आणि आपला चढला. सव्वीस जानेवारीला तो वरच बांधलेला असतो, फक्त उलगडतात. दोन्ही दिवशी गाठ एका ओढीत सुटली पाहिजे, नाहीतर सगळ्या गावासमोर फजिती. अवमान करणारा माणूस एवढी मेहनत घेईल? पाकळ्या घालील?

वाडीचा झेंडा शाळेतच चढतो, म्हणून हवालदाराला घेऊन मी थेट शाळेत गेलो. मुख्याध्यापकांना एकच विचारलं, तुमचा झेंडा कोण बांधतं?

"आमच्या शिपाई काकी. निवृत्त झाल्या, तरी त्यांनाच बोलावतो. आमची गाठ अडकते." मग त्यांचा चेहरा उतरला. "जुना झेंडा फाटला होता. यंदा नवा आणला. जुना टाकून द्या, असं मीच त्यांना म्हणालो."

काकी घरापुढच्या खळ्यात सुकी मासळी निवडत होत्या. आम्हाला बघून उठल्या नाहीत. हवालदाराने दरडावायला तोंड उघडलं, तर त्याच्यावरच घसरल्या. "तू माज्या शाळेतलोच मां रे? पाढे येयत नाय म्हणान भायर उभो आसायचंस. माका काय विचारतंस?"

मी विचारलं, "काकी, झेंडा दर्यात तुम्ही सोडलात?"

"सोडलंय. नारळ सोडूक सगळे गेले, तेवा मी पण गेलंय. इतकी वर्सां ह्या हातांनी बांधलंय तो. गुरुजी म्हणतत, टाकून देवा. खंय टाकू? केरात? गणपतीक पाण्यात सोडतंव मां आमी? मगे ह्येका सोडलंय तर काय चुकला?" मग आवाज खाली आला. "अटक करा होयी तर. पण फुडल्या वर्सा माका बांधूक देतले मां?"

तुरुंगाची त्यांना भीती नव्हती. भीती होती ती एवढीच.

मी ध्वजसंहिता काढून वाचली. खरं सांगतो, पहिल्यांदाच. खराब झालेला ध्वज खासगीत, पूर्णपणे, शक्यतो जाळून किंवा त्याचा मान राखणाऱ्या दुसऱ्या रीतीने नष्ट करावा. आणि अवमानाच्या गुन्ह्याला हेतू लागतो. हेतू तर आमच्या टेबलावर सांडला होता. "अवमानाचा हेतू आढळत नाही," असा अहवाल वर पाठवला. पुढारी तणतणला, पण उपोषणाला बसला नाही. फोटो काढायला कोणी आलं नव्हतं.

काकींना ठाण्यात बोलावून नियम सांगितला, की झेंडा जाळायचा असतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, "तुमच्या ठाण्यातलो जुनो झेंडो खंय आसा?"

मी हवालदाराकडे पाहिलं. हवालदाराने भिंतीकडे.

स्टोअरमधल्या पेटीत, फुटक्या हेल्मेटांखाली, चार झेंडे निघाले. विटलेले, एकाला उंदरांनी कुरतडलेलं. आम्ही, कायद्याचे रखवालदार! त्या बाईवर कलम लावायला निघालो होतो.

मुद्देमालातला झेंडा परवानगीने सोडवला आणि ठाण्याच्या मागच्या अंगणात पाचही ठेवले. काकींनी एकेकाची घडी केली.

"जाळूचो म्हणजे? माणसाक जाळतत तसो?"

"तसाच."

त्यांनी वरच्या घडीवरून हात फिरवला. "मगे बरा. देवाक पाण्यात सोडतत, माणसाक जाळतत. मी ह्येका देव समाजलंय. ह्यो तर आमच्यातलोच निघालो."

हवालदाराने विस्तव लावला. आम्ही टोप्या घालून सावधान उभे राहिलो.

त्या केसने मला एक शिकवलं. तक्रार आली की मोठ्याने ओरडणाऱ्याकडे नंतर बघावं, आधी आपली पेटी उघडावी. पुढच्या पंधरा ऑगस्टला शाळेत बंदोबस्त मीच मागून घेतला. काकींची गाठ एका ओढीत सुटली. तगरीच्या पाकळ्या माझ्या टोपीवर पडल्या. मी त्या झटकल्या नाहीत.