गढूळ पाण्यातली बोटं

दौंडजवळ भीमेच्या काठावर तो मला नेहमी भेटतो. बुडी मारून भाल्याच्या बंदुकीने मासे मारायला तो नवख्यांना शिकवतो. बंदुकीचं रबर पाण्यातच ताणायचं आणि बाहेर येण्याआधी सैल करायचं, एवढं बजावतो. काठावर असला की त्याचा डावा हात कायम टॉवेलाखाली असतो.

परवा शिरूरहून एक फिटर नवी बंदूक घेऊन आला आणि काठावरच त्याने रबर ताणलं. पाणी गढूळ होतं. शिकवणाऱ्याने टॉवेलाखालचा डावा हात पाण्यात बुडवला.

"बोटं मोजा, साहेब."

"त्यात काय मोजायचं, मामा? पाच!"

त्याने हात वर काढला. बोटं तीनच होती.

"माझ्या भावानंबी असाच अंदाज केला. मासा समजून चाप ओढला."

फिटरने ताणलेलं रबर सैल केलं.

"भाऊ कुठं असतात आता?"

"घरातच हाय. रोज डबा घेऊन काठावर येतो," टॉवेल हातावर ओढत तो म्हणाला. "त्याला हात दिसू नये, म्हणून तर ह्यो टॉवेल."