तिसऱ्या भोकाची तार

मेहरूण भागातला शकील मिस्त्री करंटला भितो, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. तीस वर्षं वायरमनकी करून माणूस अजून फ्यूज काढताना अल्लाचं नाव पुटपुटतो. लोक हसतात. हसू देत बापडे.

लिलाबाईंचा जुना लोखंडी टेबलदिवा त्याने दोन दिवस लावून नीट केला होता. तडे गेलेली वायर फेकून तीनतारी नवी घातली, आतला रंग खरवडून अर्थिंगची हिरवी तार दिव्याच्या अंगालाच स्क्रूने आवळली. म्हातारीची नात साक्षी त्याच दिव्याखाली अभ्यास करणार होती. सकाळी तो दिवा देऊन आला, तेव्हा घरात लाईट नव्हती.

जेवताना त्याची बायको जमीला म्हणाली, "लिलाबाईंकडचे बोर्ड तुम्हीच बसवले होते ना, आपला तौसिफ झाला त्या साली?"

शकीलचा घास हातातच राहिला. त्या घराला अर्थिंगचा खड्डाच नव्हता. तेव्हा सगळेच करायचे तसं त्याने प्लगच्या तिसऱ्या भोकाची तार जमिनीत न नेता तिथल्या तिथे न्यूट्रलला, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेला, जोडली होती. ते न्यूट्रल कधी निसटलं, तर बल्बातून आलेला करंट थेट लोखंडावर. आणि हिरवी तार आपणच आवळून दिलेली.

त्याने फोन लावला. कोणी उचलेना. चप्पल न घालताच तो निघाला. भर मे महिन्यातला डांबरी रस्ता. पण त्याला काही कळत नव्हतं. या अल्ला, पोरीने हात लावला नसू दे, एवढंच चाललं होतं.

दारातून त्याला दिसलं, पंखा फिरतोय, दिवा विझलेला आणि साक्षी त्या दिव्याकडे हात नेतेय.

"हात लावू नको, बेटा. मागे हो."

"आत्ताच गेला, काका. हलवून बघणार होते."

त्याने खिशातला टेस्टर दिव्याच्या अंगाला टेकवला. टेस्टर पेटला. मेन स्विच पाडून त्याने बोर्ड उघडला. न्यूट्रल स्क्रूतून सुटून लोंबत होतं. शेजारी तो जोड होता, त्याच्याच हाताचा, तीन पिळांचा.

लिलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "कोणत्या मेल्याने केलं रे हे, शकीलभाऊ?"

खोटं बोलायला जागा होती.

"मी केलं, अक्का," तो म्हणाला. "उद्या खड्डा खणतो. तोवर हा प्लग काढून ठेवा."