ओच्यातलं पिस्तूल

कोडोलीच्या धोंडुबाईला एक माणूस मारायचा होता. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. मनात मात्र भाकरी थापण्याइतकं रोजचं करून ठेवलं होतं.

मारायचा तो आकाराम, तिच्या सख्ख्या दिराचा मुलगा. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं आणि त्यानं धोंडुबाईच्या एकुलत्या एका लेकाच्या, बाळासोच्या डोक्यात खोऱ्याचा दांडा घातला. भर सकाळी, चार माणसांच्या देखत. बाळासो जागीच गेला. तीच चार माणसं कोर्टात उभी राहिली तेव्हा एकालाही काही दिसलेलं नव्हतं. एकजण तर म्हणाला, उन्हाची तिरीप डोळ्यावर होती. आकाराम सुटला आणि गुलालानं माखून गावात आला. वेशीपासून त्याच्या घराला सरळ वाट होती, तरी मिरवणूक त्यानं मुद्दाम धोंडुबाईच्या दारावरून नेली. हलगी तिच्या उंबऱ्यापाशी जरा जास्तच कडाडली. तिनं दार लावून घेतलं नाही. चौकटीला धरून सगळी मिरवणूक नीट बघितली, एकेकाचं तोंड बघितलं, आणि मग आत जाऊन म्हशीला वैरण टाकली. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या त्या वर्षी गाव म्हणालं, म्हातारीनं सोसलं. गावाला काय कळतंय.

धोंडुबाई लोणी विकायला एसटीनं कोल्हापूरला जायची. राजारामपुरीत तिची गिऱ्हाइकं ठरलेली होती. त्यातले एक गणपतराव. मोठ्या लढाईत जाऊन आलेले, पेन्शनीत निघालेले आणि आता एका कापडदुकानाच्या दारात राखणीला बसणारे. लढाईतून येताना त्यांनी एक रिव्हॉल्व्हर ट्रंकेत घालून आणलं होतं. गोष्ट लपवायची होती, म्हणून त्यांनी ती फक्त निम्म्या राजारामपुरीला सांगितली होती.

एका दुपारी धोंडुबाईनं पाटी उतरवली आणि म्हणाली, "गणपतराव, ते तुमचं पिस्तूल मला पायजे."

"का वो आक्का? घरात उंदरं झाल्यात काय?"

"एकच हाय. लई माजलाय."

गणपतरावांचं हसू जागच्या जागी विरलं. बाळासोचं प्रकरण त्यांच्या कानावर आलेलं होतं. "खुळ्या हाय काय तुम्ही? परवाना न्हाय, काय न्हाय. तुम्ही बी आत जाशीला आणि मी बी."

ती वाद घालत बसली नाही. लोणी संपलं की ती त्यांच्या पायरीवर येऊन बसायची आणि एसटीची वेळ झाली की उठून जायची. एक शब्द नाही. गणपतरावांनी चहा देऊन बघितला, दरडावून बघितलं, तोंड फिरवून बघितलं. शेवटी एक दिवस तिनं ओच्यातून पुतळ्यांची माळ काढली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.

"सुनंसाठी केलती," ती म्हणाली. "सून काय आता येत न्हाय."

गणपतरावांनी घर गाठून ट्रंक उघडली. माळेकडे बघून उघडली की त्या बोलण्यानं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. चूक ती चूकच. त्यांनी तिला हत्यार उघडून दाखवलं, गोळ्या काढून दाखवल्या, परत घातल्या. "अधनंमधनं तेलाचं बोट फिरवा," म्हणाले, "आणि पाण्याला जपा."

नऊवारी लुगड्याचा ओचा म्हणजे बाईचं कपाट. पैसे, तंबाखू, किल्ली, सगळं तिथंच, पोटापाशी. पण लोखंडाचं वजन वेगळं. चालताना बाई एका बाजूला कलते. धोंडुबाईला हे आधीच सुचलं होतं. सौदा व्हायच्या कितीतरी आधीपासून ती खलबत्त्यातला बत्ता ओच्यात खोचून शेण भरत होती, धार काढत होती, विहिरीवर जात होती. बायकांच्यात कुजबूज झाली की धोंडुबाईच्या पोटात गाठ आलीय. एकीनं तर मिरजेच्या दवाखान्यात जायचा सल्ला दिला. धोंडुबाई म्हणाली, "बघू, दसरा झाल्यावर."

दसराच का, तर आकाराम एरवी एकटा सापडत नसे. गुऱ्हाळ असो की चावडी, चार टोळभैरव त्याच्या मागं असतच. पण दसऱ्याला सोनं द्यायला भावकीत ज्यानं त्यानं आपल्या पायानं जायचं, आणि वडीलधाऱ्यांच्या पायाला हात लावायचा. दोन वर्षं कोर्टकज्जात गेली होती. यंदा तो येणार, गावाला दाखवायला तरी येणारच. वाकला की मान समोर येणार. धोंडुबाईनं ती जागासुद्धा ठरवून ठेवली होती, कानाच्या मागं, बाळासोला लागलं होतं तिथंच.

आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी घरातलं हत्यार धुवायचं आणि पुजायचं. विळा, खुरपं, कोयता, कुऱ्हाड, सगळं तिनं घासलं. पुजलं नाही तर हत्यार धन्यावर उलटतं, हे तिनं आईच्या मांडीवर बसून ऐकलेलं. आणि ज्या हत्याराला उद्या एवढं मोठं काम सांगायचं, ते तसंच पारोसं ठेवायचं? तिनं दाराला कडी घातली. रिव्हॉल्व्हर कढत पाण्यानं धुतलं, राख लावून घासलं. गोळ्या काढून दुधाच्या वाटीत ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काढल्या, एकेक पुसली, हळदीकुंकू लावलं आणि परत आत घातली. गोळ्यांना पाण्यापासून जपायचं ध्यानात होतं तिच्या, म्हणून तर दूध घेतलं.

संध्याकाळी आकाराम आला. साथीदार बोळाच्या तोंडाशी थांबले. पांढरंशुभ्र धोतर, हातात आपट्याची पानं.

"काकी, सोनं घे. झालं गेलं इसरून जाऊ."

तो वाकला. तिनं ओच्यात हात घातला, नळी त्याच्या कानामागं टेकवली आणि चाप ओढला. खट् झालं. तिनं परत ओढला. परत खट्.

आकारामनं वर बघितलं. नळीचं काळं भोक त्याच्या दोन डोळ्यांच्या मधोमध होतं आणि वर धोंडुबाईचं तोंड होतं. तिनं आणखी एकदा ओढला. तो मागं सरकला, उंबऱ्याला अडखळून मटकन बसला आणि धोतर ओलं झालं. मग तो उठला, धोतर सावरत बाहेर पडला आणि साथीदारांना म्हणाला, "चला." एवढंच.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. फौजदाराला सांगावं, तर फौजदार विचारणार, म्हातारी तुझ्यावर का उठली? गावाला सांगावं, तर धोतराचीही गोष्ट निघणार.

धोंडुबाई त्या संध्याकाळी संतापानं रडली. लेकाच्या मरणावरही ती इतकी रडली नव्हती. गणपतरावांनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. "आक्का, एवढ्या जुन्या गोळ्या, आणि न्हाऊ घातल्या? बारशाला न्यायच्या व्हत्या काय?" दुसऱ्या गोळ्या त्यांच्यापाशी नव्हत्या आणि ते कुठून आणणारही नव्हते. सूड संपला, असं तिला वाटलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती मिरच्या घेत होती. पैशासाठी तिनं ओच्यात हात घातला. पलीकडे उभा असलेला आकाराम भर बाजारात गाडीच्या चाकाआड जाऊन बसला. लोक हसले. धोंडुबाई हसली नाही. तिनं हात ओच्यात तसाच ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

मग तिला घाईच राहिली नाही. तो गुऱ्हाळावर निघाला की ती वाटेत. तो देवळात गेला की ती पायरीवर. हात पोटापाशी. आकारामनं खिडक्या बुजवल्या, जेवायला भिंतीकडं पाठ करून बसू लागला. पोरीच्या लग्नात मांडवाच्या कोपऱ्यात धोंडुबाई दिसली आणि कन्यादानाला त्यानं भावाला बसवलं. साथीदारही पांगले, कारण भित्र्याच्या मागं हिंडण्यात कसली शान. अंगानं तो अर्धा झाला. वर्षांमागून वर्षं गेली.

शेवटी एका दुपारी तो आपण होऊन तिच्या दारात आला. ती शेंगा फोडत होती.

"काकी, मार बघू एकदाचं," तो म्हणाला. "न्हायतर सोडीव मला. म्या मारलं बाळासोला. चावडीत चल, समद्या गावापुढं सांगतो."

हेच ऐकायला ती एकेकाळी कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होती. तिचे हात थांबले. मग तिनं पुढची शेंग घेतली.

"सांगू नगंस," ती म्हणाली.

"का गं काकी?"

"सांगितलंस तर तुला झोप लागंल."