चांदीला सवय होते

गरम पाण्याचे झरे बघायला जायचं तर आधी नाकाची तयारी हवी, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बस थांबली तीच सडक्या अंड्यांच्या वासात. वर टेकडीवर जमिनीच्या भेगांतून वाफा निघत होत्या आणि कठड्यापलीकडचं डबकं रटरट उकळत होतं. ते नुसतं बघायचं. आंघोळीसाठी खाली उतारावर स्नानगृह होतं, आणि तिथे बायकांच्या कुंडापाशी कोपरताई बसायची.

हे नाव गिऱ्हाइकांनीच ठेवलेलं. कुणालाही पाण्यात सोडण्याआधी ती बाही वर सारून कोपर बुडवून बघायची, तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाणी बघतात तसं. तिने "या" म्हटलं की मगच उतरायचं. माझे गुडघे दुखतात म्हटल्यावर तिने मला हाताला धरून झऱ्याच्या तोंडापाशी बसवलं, आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. मी एरवी अशा गप्पांना लगेच वैतागते. हिच्यापुढे मात्र बसून राहिले.

आई लवकर गेली, धाकट्या भावाला हिनेच वाढवलं. स्वतःचं लग्न राहूनच गेलं. "बघायला आले होते एकदा," ती म्हणाली, "मी भावाचं नाक पुसत होते, तेवढं बघून परत गेले." आता तोच भाऊ स्नानगृह चालवत होता. तिच्या बोटातली चांदीची अंगठी त्याच्या पहिल्या पगाराची. पूर्वी या गंधकाच्या पाण्यात ती आठवडाभरात काळीठिक्कर पडायची, घासून घासून हात दुखायचे. अलीकडे दोनेक वर्षं मात्र लखलखीत. तिने भावाला कारण विचारलं, तर तो म्हणाला होता, "ताई, चांदीला सवय होते."

हे ती इतक्या कौतुकाने सांगत होती की मी हसू गिळलं. निघताना, सगळ्यांना सांगायची तसं तिने मलाही सांगितलं, की हे पाणी पृथ्वीच्या पोटातलं, माझा शब्द घ्या. मी घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर वीज गेलेली. कुंडाच्या खोलीत अंधुक उजेड होता आणि कोपरताई पाण्यावर वाकली होती. तिने उजवं कोपर बुडवलं, मग डावं. "या" काही येईना.

"बाई, जरा तुम्ही हात घालून बघता?" ती हळूच म्हणाली. "माझं कोपर गेलं वाटतं."

पाणी कोमट होतं. बघता बघता गार झालं. मी तसं सांगितलं, पण ती आपलं कोपरच चोळत राहिली. झऱ्यात काही बिघाड असेल हे तिच्या डोक्यातही येत नव्हतं. कोपर गेलं तर आता आपला इथे काय उपयोग, या विचाराने तिचा चेहरा एवढासा झाला होता.

तेवढ्यात दिवे आले. भिंतीमागच्या खोलीत काहीतरी घरघरू लागलं. त्या खोलीला कायम कुलूप असायचं, मोडक्या खुर्च्या ठेवल्यात असं भावाने तिला सांगितलेलं. थोड्या वेळाने झऱ्याच्या तोंडातून ऊन पाणी यायला लागलं. ते चांगलं गरम होईपर्यंत तिने कोपर तिथून हलवलं नाही. मग हात वर घेतला आणि अंगठीकडे बघत बसली.

तिने भावाला बोलावून घेतलं. तो हसत आला, तिचा चेहरा बघून हसू मावळलं. नाकारलं त्याने काहीच नाही. दोन वर्षांपूर्वी जमीन हलली तेव्हाच झरा थंडावला होता. धंदा बसला असता, म्हणून त्याने भिंतीआड बॉयलर बसवला. त्याच्या बायकोला माहीत होतं, तिकीट देणाऱ्याला माहीत होतं.

"आणि मला?"

"ताई, लोक तुझ्या तोंडाकडे बघून विश्वास ठेवतात. तुला सांगितलं असतं तर तुला खोटं बोलता आलं नसतं."

हे तो तिचं कौतुक केल्यासारखं म्हणाला. मला त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. जिने त्याला लहानाचा मोठा केला, तिला त्याने दुकानाच्या पाटीसारखी दारात टांगली होती, आणि पाटीला कुठे काय विचारायचं असतं?

दारातून एक म्हातारी सुनेचा हात धरून आत येत होती. गुडघ्यांचंच दुखणं. सरळ कोपरताईपाशी येऊन तिने विचारलं, "पाणी आतूनच येतं ना हो? सगळे म्हणतात, तुम्हालाच विचारावं."

भाऊ जागच्या जागी ताठ झाला. ती खरं बोलणार याची मला खात्री होती.

तिने बाही सारली, कोपर बुडवलं.

"हो आजी. पृथ्वीच्या पोटातलं. माझा शब्द घ्या. या."

म्हातारीला तिने सांभाळून पायरी उतरवली, नीट बसवलं. भावाने सुटकेचा श्वास सोडलेला मला ऐकू आला. कोपरताईने टॉवेलला हात पुसले आणि आवाज न चढवता त्याला म्हणाली,

"बघ, आलं की रे मला. सांगून तर बघायचं होतंस."