विहीणबाईंची आजी

माझ्या विहीणबाई वाळलेले कपडे पुन्हा वाळवतात. आमच्या नातीची, सियाची, आंघोळ झाली की कपाटातला कोरडा खडखडीत फ्रॉक काढायचा, ड्रायरमध्ये टाकायचा आणि चांगला गरम झाला की पोरीच्या अंगात चढवायचा. मे महिन्यातसुद्धा. नॉर्थ कॅरोलायनातला मे म्हणजे काही महाबळेश्वर नव्हे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी मनात म्हटलं, वीज काय यांच्या तीर्थरूपांनी ठेवून दिली आहे? पुढे कळलं, सवय खरोखरच तीर्थरूपांची होती.

विहीणबाईंचं नाव नोरीन. माझ्या जावयाची, केविनची, आई. वय शहात्तर. जन्म पेन्सिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणींच्या एका गावात. आयुष्यभर शाळेची बस चालवली, पाच बहिणींत शेवटच्या उरल्या, नवरा गेल्यावर मुलाकडे इथे कॅरी गावात आल्या. मी सुवर्णा, सातारा जिल्ह्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. मुलीच्या, अदितीच्या, बाळंतपणाला म्हणून आले ती इथलीच झाले. एका छपराखाली दोन विहिणी! आमच्याकडे लोक अशा घराला लांबूनच हात जोडतील. पण आमचं कधी वाजलं नाही. वाजायला अंगात जोर लागतो. त्यांच्या किडन्या गेलेल्या, माझे गुडघे. शिवाय माझं इंग्रजी भाजी आणि डॉक्टर यांच्यापुरतं आहे, भांडणाला पुरत नाही.

आठवड्यातून तीनदा मी त्यांना डायलिसिसला घेऊन जाते. अदिती आणि केविन कामावर असतात आणि मी साठीनंतर लायसन्स काढलंय, म्हणजे हायवेवर मागचे हॉर्न ऐकत उजव्या, म्हणजे इथल्या हळू लेनमधून जाण्याइतकं. एकदा मशीनला जोडलं की अर्धा दिवस तिथेच. बाकीचे पेशंट टीव्ही बघतात, झोपतात. नोरीनबाई मोकळ्या हाताने लॅपटॉप उघडतात आणि आपली आजी शोधतात.

आजीचं नाव मेरी वॉल्श. नोरीनबाईंच्या वडिलांची, जिमची, आई. जिम अनाथाश्रमात वाढला. त्याच्या काकाने त्याला सांगितलं होतं, तुझा बाप खाणीत गेला आणि तुझी आई तुला टाकून न्यूयॉर्कला कुणाबरोबर तरी निघून गेली. जिमने ते आयुष्यभर उराशी धरलं. पाच मुली झाल्या, पण आयरिश कॅथलिक घर असून एकीचंही नाव त्याने मेरी ठेवू दिलं नाही. अनाथाश्रमातली एकच बरी आठवण त्याने कधी सांगितली असेल. तिथे कपडे धुणारी एक बाई होती. थंडीत ती इस्त्रीखालचा गरम शर्ट उचलून थेट त्याच्या अंगात घालायची. म्हातारपणापर्यंत जिम रोज सकाळी रेडिएटरवर शर्ट टाकून गरम करायचा, मुलींचे फ्रॉकही. आमच्या ड्रायरचं मूळ हे असं आहे.

"सुवर्णा," नोरीनबाई मला म्हणायच्या, "मी वर गेले ना, की डॅड दारातच उभा असेल. विचारेल, काय कळलं? सोडून गेली की मेली? मी काय सांगू त्याला?"

हे त्या हसत म्हणायच्या, पण डोळे हसायचे नाहीत. बापाला द्यायला उत्तर हवं होतं, आणि ते आपला नंबर लागायच्या आत हवं होतं.

आजीचा आधीचा माग त्यांनी छान काढला होता. आयर्लंडात मेयो म्हणून भाग आहे, तिथल्या चर्चच्या रजिस्टरात मेरीचा बाप्तिस्मा सापडला, लॅटिनमध्ये लिहिलेला. तिच्या आईचं माहेरचं आडनावसुद्धा त्यात होतं. मला त्या पाद्रीबाबांचं कौतुक वाटलं. माझ्या आजीचं माहेरचं आडनाव विचाराल तर मला सांगता येणार नाही. मग पेन्सिल्व्हेनियातल्या चर्चमध्ये पॅट्रिक वॉल्शशी लग्न, मग जिमचा बाप्तिस्मा, मग वर्षभरात पॅट्रिकचा खाणीतला मृत्यू. त्यापुढे एकदम कोरं. १९२०च्या जनगणनेत तीन वर्षांचा जिम अनाथाश्रमात, एकटा. आणि मेरी वॉल्श? न्यूयॉर्कमध्ये मेरी वॉल्श शोधणं म्हणजे साताऱ्यात जाधव शोधणं. नोरीनबाई एकेक मेरी उघडून बघत होत्या. हिचं वय जुळत नाही, हिचा नवरा आधीपासूनचा, ही आयर्लंडची नाहीच. कित्येक वर्षं हेच चाललं होतं. बघता बघता मीच थकायचे.

मार्चमध्ये एक दिवस मशीनवर त्यांचं ब्लडप्रेशर एकदम उतरलं. नर्सने पाय वर करून दिले. त्या पांढऱ्या पडल्या होत्या. "हा ठेव तुझ्याकडे," म्हणत लॅपटॉप माझ्या मांडीवर सरकवला आणि डोळे मिटले. त्यावर जनगणनेतलं अनाथाश्रमाचं तेच पान उघडं होतं, जिमचं नाव असलेलं. त्यांनी हजारदा पाहिलेलं.

मी ते नावांसाठी वाचलं नाही. मला दिसला तो लिहिणारा. कारण ती ड्यूटी मी केली आहे. आपल्याकडे जनगणना आली की मास्तरांच्या गळ्यात पडते, आणि मी वाड्यावस्त्या पायी पालथ्या घातल्या आहेत. या साहेबाचं अक्षर खाली खाली ढेपाळत गेलं होतं. जानेवारीतला बर्फ, बोटं आखडलेली, समोर नावं सांगणारी कोणी कंटाळलेली सिस्टर, आश्रम चालवणारी नन. मला त्याची दया आली.

आणि मला आमचं एक वसतिगृह आठवलं. तिथली माणसं मीच मोजली होती. अशा संस्थेचा कागद वेगळा असतो, सगळी संस्था मिळून एक घर. आधी अधीक्षक, मग स्वयंपाकीण, झाडूवाला, आणि नंतर पानंच्या पानं मुलं. तिथली स्वयंपाकीण विधवा होती. तिचा स्वतःचा मुलगा त्याच मुलांमध्ये शिकत होता. सगळी पोरं तिला मावशी म्हणायची, म्हणून तोही आपल्या आईला मावशीच म्हणायचा. अधीक्षकांची ताकीद होती, दुजाभाव नको. माझ्या कागदावर ती पहिल्या पानावर 'कर्मचारी' आणि तो चौथ्या पानावर 'निवासी'. ही त्याची आई, हे लिहायला रकानाच नव्हता. मी लिहिलं नाही.

मी त्या लॅपटॉपवर पानं मागे घेत गेले. मुलं, मुलं, मुलं. मग सिस्टर. सिस्टरांच्या खाली नोकरमाणसं. स्वयंपाकीण. भट्टीवाला. आणि त्याखाली: मेरी वॉल्श, विधवा, एकोणतीस, जन्म आयर्लंड, कपडे धुणारी.

मी ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. नोरीनबाई झोपल्या होत्या. मी त्यांना उठवलं नाही. जाधव तर हजार असतात, सुतावरून स्वर्ग गाठायला मी काही तरुण नव्हते. पण परतताना पार्किंगमध्ये गाडी सुरू करायच्या आधी न राहवून सांगितलं. वसतिगृहाचंही सांगितलं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. 'मावशी' म्हणजे काय हे समजावताना मला रडू आलं.

त्यांनी सीटबेल्ट ओढून लावला. मग म्हणाल्या, "घरी चल. मला झोपायचंय."

दुसऱ्या दिवशी अदितीने त्या गावातल्या चर्चला ईमेल केलं. वसंत सरत आला तेव्हा उत्तर आलं, दफनाच्या रजिस्टरातल्या पानाच्या फोटोसकट. मेरी वॉल्श, १९२२, पॅट्रिक वॉल्शची विधवा, आजार छातीचा. राहण्याचं ठिकाण: अनाथाश्रम.

सोडून गेली नव्हती. मुलगा ठेवला त्याच दारात कामाला राहिली होती, आणि तिथेच मेली. जिम तेव्हा सहाचा असेल. त्याला कुणी सांगितलं नाही. आधी आमच्या वसतिगृहासारखा नियम असेल, नंतर सांगणार कोण? मला त्या काकाचा, म्हणजे मेरीच्या दिराचा, इतका संताप आला की मी स्वयंपाकघरात मराठीतून त्याचा उद्धार केला. भावाचं पोर सांभाळायला नको, वहिनीला भाकरी द्यायला नको. वहिनी पळाली म्हटलं की हा मोकळा. घरोघरी मातीच्या चुली, अमेरिकेतही.

"आई, यू ओके?" केविनने विचारलं. तोही मला आईच म्हणतो.

नोरीनबाई जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या, तो फोटो पुढ्यात घेऊन. मला वाटलं होतं, त्या खूश होतील. इतक्या वर्षांनी आजी सापडली होती.

"तो मरेपर्यंत तिला शिव्या देत होता, सुवर्णा," त्या म्हणाल्या. "आणि रोज सकाळी तिनेच लावलेल्या सवयीने शर्ट गरम करत होता."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. डायलिसिसच्या सुया टोचून गाठ आलेला हात.

"आता वर गेल्यावर सांगायला झालं की तुम्हाला," मी म्हटलं. इंग्रजीत अहो-जाहोची सोय नाही, पण मी मनात 'तुम्ही'च म्हणते.

त्यांनी नाही अशी मान हलवली. "आधीच मेली असती तर सांगता आलं असतं. सोडून गेली असती तरी सांगता आलं असतं. हे मी त्याला कसं सांगू? की ती रोज त्याच्या समोर होती?"

 

संध्याकाळी सियाची आंघोळ झाली. नोरीनबाईंनी खुर्चीतून उठायचा प्रयत्न केला आणि पुन्हा बसल्या. त्यांनी काही म्हणायच्या आत मी कपाटातून फ्रॉक काढला आणि ड्रायरमध्ये टाकला. सिया टॉवेल गुंडाळून शेजारी उभी. थोड्या वेळाने मी फ्रॉक काढून तिच्या गालाला लावला.

"आज्जी, इट्स नॉट वॉर्म येट."

"थांब जरा," मी म्हटलं, आणि पुन्हा बटण दाबलं.